ट्रान्झिस्टर आधी कानात आला

पाडव्याला आम्ही वीस-पंचवीस जण मिरजेला आत्याकडे जमायचो. जेवणं झाली की माजघरातच गप्पांचा फड बसायचा. कोणीतरी जुना किस्सा काढायचा, सगळे खळखळून हसायचे. आत्याही हसायची, पण सगळ्यांच्या मागून, आमच्या चेहऱ्यांकडे बघून. थोड्या वेळानं “गॅस बंद केलाय का बघते” म्हणून उठायची, ती परत यायचीच नाही. मला वाटायचं, वय झालं, दगदग सोसत नसेल. एका वर्षी मी तिच्यामागून आत गेलो. गॅस बंदच होता. ती ओट्याशेजारी पाटावर बसून लसूण सोलत होती. “तुम्ही काय बोलता ते कळत नाही रे,” ती म्हणाली. “दर वेळी ‘काय? काय?’ विचारायचं तरी किती?”

भरल्या घरात एकटं पडणं म्हणजे काय, ते मला त्या पाटाशी कळलं. तेव्हापासून बारा वर्षं मी कानाच्या मशीनच्या नादी लागलो आहे. म्हाताऱ्या माणसांचा एकटेपणा आणि तंत्रज्ञान हा विषय निघाला की लोक रोबो आणि व्हिडिओ कॉलबद्दल बोलतात. माझं मन मात्र पुन्हा पुन्हा कानाकडे जातं.

तरी आधी बाकीचं थोडक्यात सांगतो. एकाकीपणासाठी ब्रिटननं 2018 मध्ये आणि जपाननं 2021 मध्ये मंत्री नेमला. जगात सहापैकी एका माणसाला एकाकीपणा जाणवतो, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2025 च्या अहवालात म्हटलं आहे. जपानच्या ताकानोरी शिबाता यांनी सीलच्या पिल्लासारखा ‘पारो’ नावाचा रोबो केला. कुरवाळलं की तो डोळे मिटतो, हाक मारली की मान वळवतो. जपानमध्येच पाणी उकळायचं एक भांडं मिळतं. आजीनं सकाळी चहाला पाणी घेतलं की मुलाला तसा निरोप जातो. आपल्याकडे ज्येष्ठांसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे. हे सगळं हवंच. पण ऐकूच येत नसेल तर हेल्पलाइनचा काय उपयोग? व्हिडिओ कॉलवर नातू दिसतो, ओठ हलतात, आजी हात हलवते आणि फोन सुनेकडे देते.

कानात नेमकं काय बिघडतं, ते कळल्याशिवाय घरच्यांची चिडचिड थांबत नाही. आतल्या कानात, शंखासारख्या वेटोळ्यात, सूक्ष्म केसपेशी असतात. एका कानात सुमारे 15,000. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. वयानुसार आधी जातात त्या वेटोळ्याच्या तोंडाशी असलेल्या, बारीक आणि उंच आवाज टिपणाऱ्या. म्हणून आ, ई, ओ हे स्वर शाबूत राहतात आणि स, श, फ, त, क ही व्यंजनं गळतात. ‘साखर’चं ‘आखर’ होतं, ‘भात’ की ‘हात’ ते कळेनासं होतं. “आवाज येतो, शब्द कळत नाहीत” ही तक्रार घरोघरी ऐकू येते, ती अगदी शब्दशः खरी असते. आणि “हवं तेव्हा बरं ऐकू येतं!” हा टोमणा अन्यायाचा असतो. शांत खोलीत समोर बसून एकानं बोललेलं कळतं. पंखा, मिक्सर आणि चार जणांच्या एकदम चाललेल्या गप्पा यांत कळत नाही. ओरडून तर काहीच साधत नाही. ओरडल्यानं स्वर मोठे होतात, व्यंजनं तशीच राहतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं हा आपल्यावर डाफरतोय. त्यापेक्षा समोर या, चेहऱ्यावर उजेड राहू द्या, जवळ बसा. अंतर निम्मं केलं की उघड्यावर आवाज सहा डेसिबलनं वाढतो, फुकटात.

आता माझ्या आवडीच्या इतिहासाकडे येतो. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या आईला कमी ऐकू यायचं, आणि पत्नी मेबल यांची श्रवणशक्ती लहानपणी तापात गेली होती. बेल स्वतः मूकबधिरांचे शिक्षक. म्हणजे 1876 चा टेलिफोन हा न ऐकू येणाऱ्या माणसांच्या सहवासात वाढलेल्या डोक्यातून निघाला. पुढे 1947 मध्ये बेल यांच्याच नावाच्या प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. त्याचे हक्क इतर कंपन्यांना द्यायची वेळ आली, तेव्हा श्रवणयंत्रांवरची रॉयल्टी बेल यांच्या स्मरणार्थ माफ केली गेली. अमेरिकेत ट्रान्झिस्टर असलेलं पहिलं श्रवणयंत्र विक्रीला आलं ते 1952 च्या अखेरीस. ट्रान्झिस्टर रेडिओ आला 1954 मध्ये! आपल्याकडे ट्रान्झिस्टर म्हटलं की विविध भारती आठवते, पण हे कवडीएवढं चीज आधी कमी ऐकू येणाऱ्यांच्या कानाशी गेलं आणि मग रेडिओत शिरलं. ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगतो.

आत्याचं पहिलं मशीन मात्र माझ्यामुळेच वाया गेलं. उत्साहाच्या भरात एका दुकानातून महागाचं मशीन घेतलं. तिथल्या माणसानं पाच मिनिटांत ते कानामागे लावलं, “ऐकू येतंय ना, आजी?” विचारलं आणि पावती दिली. घरी भांडं पडलं की आत्या दचकायची, वर्तमानपत्राची घडी उलगडली तरी कानात कडाड वाजायचं, मान वळवली की मशीन शिट्टी मारायचं. पंधरवड्यात ते सुपारीच्या डब्यात गेलं. दोष मशीनचा नव्हता. वर्षानुवर्षं ज्या आवाजांपासून मेंदू दुरावलेला असतो, ते सगळे एकदम दारात उभे राहिले की तो गांगरतो. मशीन आधी हलकं ठेवून आठवड्या-आठवड्यानं चढवत न्यावं लागतं. कानाच्या मापाचा मोल्ड नीट बसला नाही तर शिट्टी ठरलेलीच.

पुढे मुंबईला, वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत मी मुद्दाम गेलो. 1983 पासून श्रवणदोषावर काम करणारी ही राष्ट्रीय संस्था. तिथं स्वतःची तपासणी करून घेतली. बंद खोलीत कानावर हेडफोन, हातात बटण. बारीकशी शीळ ऐकू आली की दाबायचं. 250 पासून 8,000 हर्ट्झपर्यंत, एकेका कानाची. शेवटच्या उंच सुरांना मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. बाई काचेपलीकडून माझ्याकडे बघत होत्या, म्हणजे सूर वाजत होते. तिथं मिळालेला आलेख, ऑडिओग्राम, उजवीकडे उतरत गेलेला होता. आत्याचा काढला तेव्हा तो उतार नव्हता, कडा होता. त्या आलेखाबरहुकूम मशीन प्रोग्रॅम करायचं असतं: हळू आवाज जास्त उचलायचे, मोठे आवाज जवळजवळ तसेच सोडायचे, आणि जिथं कडा आहे तिथंच भर घालायची. चष्म्याचा नंबर काढल्याशिवाय आपण भिंगं घेत नाही. कानाच्या बाबतीत मात्र दुसऱ्याचं उतरलेलं मशीनही घालून बघतो.

अमेरिकेत 70 ते 84 वयाच्या 977 जणांचा तीन वर्षं अभ्यास झाला. अर्ध्यांना नीट जुळवलेली श्रवणयंत्रं आणि समुपदेशन दिलं, बाकीच्यांना नुसतं आरोग्याचं मार्गदर्शन. मशीनवाल्यांच्या गोतावळ्यात, दुसऱ्या गटाच्या तुलनेत, सरासरी एक माणूस जास्त टिकून राहिला. एकच! पण त्या वयात एक माणूस म्हणजे संध्याकाळी कठड्यावर शेजारी बसणारं कोणीतरी. मला हा आकडा छोटा वाटत नाही.

सरकारी मदत आहे. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत 2017 पासून गरजू ज्येष्ठांना श्रवणयंत्रं मिळतात; राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांना उपकरणांसाठी 3,000 रुपये. माझा आग्रह पुढच्या सहा महिन्यांचा आहे. मशीन दिल्यावर निदान तीनदा बोलावून ते जुळवून दिलं नाही तर सुपारीचे डबे भरत राहतील. दुसरा आग्रह विरंगुळा केंद्रांसाठी. ब्रिटनमध्ये कित्येक चर्चमध्ये आणि नाट्यगृहांत सभागृहाभोवती तारेचा एक वेढा टाकलेला असतो. माइकचा आवाज त्या तारेतून चुंबकीय क्षेत्र होऊन पसरतो, मशीनमधलं ‘टी’ बटण दाबलं की आतली छोटी गुंडाळी तो पकडते, आणि वक्त्याचा शब्द थेट कानात उतरतो. मधले खोकले, खुर्च्या, प्रतिध्वनी सगळं वगळून. आपल्या मंगल कार्यालयांत आणि ज्येष्ठ नागरिक संघांच्या घुमणाऱ्या हॉलमध्ये सतरंजीखालून अशी एक तार का जाऊ नये?

ज्यांना मशीननंही भागत नाही, त्यांच्यासाठी फोनवर बोललेलं लिहून दाखवणारी सोय आहे. 2019 मध्ये आलेलं गुगलचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब मराठीही लिहितं. ते घडवणाऱ्यांपैकी एक, दिमित्री कानेव्हस्की, स्वतः लहानपणापासून बहिरे. आत्याच्या शेजारच्या अण्णांसमोर मी ते पहिल्यांदा ठेवलं. त्यांची नात म्हणाली, “आजोबा, भाजीला काय आणू?” पडद्यावर अक्षरं उमटली. अण्णांनी चष्मा सारखा केला, वाचलं आणि म्हणाले, “मेथी. पण कोवळी बघून घे.” नात माझ्याकडे बघतच राहिली. ‘कोवळी’सारखं पुढचं बोलणं घरात कित्येक दिवसांत झालं नव्हतं, हातवारे आणि पाटी यांत ‘मेथी’पर्यंतच मजल जायची.

आणि आता मिरजेची गोष्ट. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आत्यासाठी ते गल्लीतलंच वैभव. तरुणपणी ती दर्ग्यातल्या संगीत उत्सवाला रात्र-रात्र बसलेली. नवं मशीन जुळलं, बोलणं कळू लागलं, बुधवारचं भजन सुरू झालं, तरी ती म्हणे, “तंबोरा मेला कुठं जातो कळत नाही. सुरू होतो आणि विरतो.” मला कित्येक दिवस उमगेना. मग ऑडिओलॉजिस्टनं उलगडा केला: सतत एकसारखा चालणारा आवाज मशीनला पंख्यासारखा गोंगाट वाटतो आणि ते तो दाबून टाकतं. तंबोऱ्याचा तर तोच धर्म, अखंड चालत राहण्याचा! ज्या यंत्रानं तिला माणसं परत दिली, त्यानंच षड्ज काढून घेतला होता. उपाय सोपा निघाला. संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम, त्यात गोंगाट दाबणं बंद. कानामागचं बटण एकदा दाबलं की तो सुरू.

गेल्या पाडव्याला जेवणं झाल्यावर तंबोरा काढला. भाचीनं तारा छेडल्या. आत्यानं कानामागे बोट नेलं, बटण दाबलं आणि डोळे मिटले. दोन-तीन आवर्तनं झाली. माजघर गप्प होतं. मग ती डोळे न उघडताच म्हणाली, “खर्ज उतरलाय गं. मणी जरा खाली घे.”