क्यूबा, नाताळ आणि अर्जातला रकाना

१९५९च्या क्रांतीनंतर क्यूबात धर्मावर सरसकट बंदी आली, असं आपल्याकडे अनेकजण धरून चालतात. तशी बंदी कधीच नव्हती. चर्च उघडी होती, रविवारची प्रार्थना होत होती. पण १९६१मध्ये सरकारने चर्चच्या शाळा ताब्यात घेतल्या आणि शंभराहून अधिक धर्मगुरूंना बोटीत बसवून देशाबाहेर धाडलं. पुढे कार्डिनल झालेले हाइमे ऑर्तेगा यांनाही सक्तमजुरीच्या छावणीत दिवस काढावे लागले. सामान्य माणसाला मात्र धास्ती होती ती अर्जातल्या एका रकान्याची. नोकरीच्या, विद्यापीठाच्या अर्जात धर्मश्रद्धा विचारली जाई. 'आहे' लिहिलं की शिक्षकी पेशासारख्या कितीतरी वाटा बंद. माणसं 'नाही' लिहीत आणि घरात देव जपत. कायद्याने घातलेल्या बंदीपेक्षा हे दडपण मला जास्त क्रूर वाटतं, कारण इथे माणसालाच स्वतःविरुद्ध लिहून द्यावं लागे.

आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांची सांतेरिया परंपरा तर मुळात घराघरातच पाळली जाते. म्हणूनच ती या काळातही तगली.

दुसरा समज असा, की पोप आले आणि दारं उघडली. पोप जॉन पॉल दुसरे आले जानेवारी १९९८मध्ये. त्याआधीच, ऑक्टोबर १९९१च्या अधिवेशनात, कम्युनिस्ट पक्षाने श्रद्धावंतांना सभासदत्व खुलं केलं होतं आणि १९९२मध्ये राज्यघटनेत धर्मनिरपेक्षतेची तरतूद आली. सोव्हिएत आधार तुटला होता, अन्नधान्याची चणचण होती. जनतेतल्या मोठ्या वर्गाला दूर ठेवणं पक्षाला परवडणारं नव्हतं. पोपभेटीचं श्रेय नाताळच्या सुट्टीपुरतं नक्की द्यायला हवं. १९७०मध्ये एक कोटी टन साखर काढायचीच, या जिद्दीपायी १९६९ला ती सुट्टी रद्द झाली होती. उत्पादन सुमारे ८५ लाख टनांवर थांबलं, सुट्टी मात्र परतली थेट १९९७मध्ये, पोपच्या आगमनाच्या तोंडावर.

आता सगळं मोकळं झालं, हा तिसरा गैरसमज. प्रार्थनास्थळ बांधायचं तर आजही परवानगी लागते आणि पक्षाचं धार्मिक व्यवहार कार्यालय यावर लक्ष ठेवून असतं. पिनार देल रिओ प्रांतातल्या सांदिनो गावी २०१९मध्ये नवं कॅथलिक चर्च उभं राहिलं. क्रांतीनंतर बांधलेलं ते पहिलंच. यहोवाचे साक्षीदार हा पंथ तर वर्षानुवर्षं नोंदणीविनाच काम करत आला आहे.