रेडिओचें नवें यंत्र घेण्यापूर्वीं

नभोवाणीवरून नभोवाणीच्या यंत्राविषयीं बोलणें म्हणजे पाहुण्यानें यजमानाच्याच खुर्चीवर बसून त्या खुर्चीची परीक्षा करण्यासारखें आहे. तरीहि आज तें धाडस करीत आहें, कारण हा प्रश्न हल्लीं पुष्कळ घरांत निघतो. वडील माणसांचा जुना ट्रान्झिस्टर दिवसेंदिवस अधिक खरखरूं लागलेला असतो. त्यांत त्याचा दोष थोडाच. विजेचे नवे दिवे, मोबाइलचे चार्जर आणि घरोघरचीं नानाविध उपकरणें यांच्या गलक्यांत मध्यम लहरींवरील केंद्राचा आवाज बुडून जातो. अशा वेळीं परदेशांतील मुलगा फोनवर विचारतो, 'बाबा, इंटरनेटवर चालणारा रेडिओ पाठवूं का?' आणि बाबांना हो म्हणावें कीं नको म्हणावें हें उमगत नाहीं. त्या बाबांसाठीं, आणि त्या मुलासाठींहि, आजचें हें भाषण आहे.

मी ज्या यंत्राविषयीं बोलत आहें तें टेबलावर ठेवण्याचें, दिसावयास जुन्या रेडिओसारखेंच असतें. एक पेटी, तींत स्पीकर, पुढें लहानशी कांच, दोनचार बटणें. फरक इतकाच कीं त्याला आकाशांतून येणाऱ्या लहरी नकोत, घरांतील वायफाय पाहिजे. तें एकदां जोडून दिलें कीं संगणकहि लागत नाहीं आणि मोबाइलहि लागत नाहीं. मग पुण्याचें केंद्र काय आणि लंडनचें काय, अंतर दोघांचें सारखेंच. पुण्याचे सकाळचे सात म्हणजे न्यूयॉर्कच्या उन्हाळ्यांत आदल्या रात्रीचे साडेनऊ. तिकडे जेवणें आटोपून बसलेल्या मराठी कुटुंबाला इकडची सकाळ ऐकतां येते, ही गंमत कांहीं लहान नव्हे. कल्पना तशी नवीन नाहीं. अमेरिकेंत २००० सालीं 'केरबँगो' नांवाच्या अशा रेडिओचा मोठा गाजावाजा झाला होता. पण घरोघरीं पोंचण्यापूर्वींच, २००१ सालीं, त्याचा गाशा गुंडाळला गेला. पुढें इतरांनीं ती कल्पना तडीस नेली.

आतां हें यंत्र आंतून काय करतें तें पाहूं, कारण निवडीचें सारें मर्म तेथेंच आहे. इंटरनेटवर ऐकूं येणारीं केंद्रें हजारोंनीं मोजावीं लागतात. प्रत्येकाचा एक लांबलचक पत्ता असतो व तो मधूनमधून बदलतहि राहतो. हे सारे पत्ते यंत्राच्या पोटांत कायमचे भरून ठेवले तर थोड्याच दिवसांत त्यांतले पुष्कळसे शिळे होतील. म्हणून कोठें तरी दूर एक संस्था ही यादी ठेवते व ती सतत दुरुस्त करीत असते. तुम्हीं बटण दाबलें कीं यंत्र आधीं त्या संस्थेकडे धांव घेतें, 'अमुक केंद्राचा आजचा पत्ता काय?' असें विचारतें, आणि मग त्या पत्त्यावर जाऊन गाणें आणतें. गाणें त्या संस्थेकडून येत नाहीं. तिच्याकडून येतो तो केवळ पत्ता. परंतु पत्ता मिळाला नाहीं तर गाणेंहि मिळत नाहीं. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. आवडत्या केंद्रांसाठीं यंत्रावर क्रमांकाचीं बटणें असतात. पण बहुतेक यंत्रांत त्या बटणाच्या मागें केंद्राचा खरा पत्ता नसून त्या संस्थेच्या यादींतील खूण तेवढी नोंदलेली असते.

२३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र सुरू झालें. त्या काळीं रेडिओ घरीं आणावयाचा म्हणजे परवाना काढावा लागे, छपरावर तार बांधावी लागे. पण एवढी यातायात केल्यावर केंद्राचा मनोरा आणि घरावरची तार यांच्यामध्यें तिसरें कोणी नसे. स्वातंत्र्याच्या सुमारचा व्हॉल्व्हचा रेडिओ एखाद्याच्या माळ्यावर सुस्थितींत पडला असला, तर त्यावर मध्यम लहरींवरील केंद्र आजहि लागेल. केंद्र बोलत आहे तोंवर तो ऐकेल. त्याला दुसऱ्या कोणाची परवानगी विचारावी लागत नाहीं.

याच्या शेजारीं आतां दुसरें चित्र ठेवा. इंग्लंडांत 'रेसिव्हा' नांवाची अशीच यादी ठेवणारी सेवा होती. अनेक नामांकित कंपन्यांचे इंटरनेट-रेडिओ तिच्यावर विसंबून चालत. ३० एप्रिल २०२१ रोजीं ती सेवा बंद झाली. घरोघरचीं यंत्रें धडधाकट होतीं, केंद्रें चालू होतीं, इंटरनेट चालू होतें; आणि तरीहि त्या यंत्रांचा मुख्य उपयोग संपला. दहा वर्षांचें यंत्र मुकें झालें आणि सत्तर वर्षांचें बोलत राहिलें, असा हा विचित्र प्रकार आहे. त्यापूर्वीं २०१९ सालीं 'फ्रंटियर' या कंपनीनें, जिचे भाग पुष्कळ निरनिराळ्या नांवांच्या रेडिओंत असतात, यादी पुरविणारी संस्था बदलली. त्या वेळीं यंत्रें बंद पडलीं नाहींत. मात्र लोकांनीं हौसेनें जमविलेलीं आवडतीं केंद्रें पुसलीं गेलीं व तीं पुन्हां शोधून भरावीं लागलीं. 

उलट बाजूचेंहि एक उदाहरण सांगितलें पाहिजे. लॉजिटेक कंपनीचें 'स्क्वीझबॉक्स' हें यंत्र कंपनीनें २०१२ सालींच बनविणें सोडलें, आणि त्याला इंटरनेटवरून साहाय्य करणारी सेवा २०२४ सालीं बंद केली. पण या यंत्राला लागणारा प्रोग्राम प्रारंभापासून सर्वांना खुला होता; तो घरच्या संगणकावर चालवितां येतो. आज हौशी मंडळी 'लिरियन म्युझिक सर्व्हर' या नांवानें तो सांभाळीत आहेत, आणि त्यामुळें तीं जुनीं यंत्रें अजून गात आहेत. दोन्ही यंत्रांत लाकूड, तार आणि कांच सारखींच. फरक पडला तो किल्ली कोणाच्या हातीं राहिली यामुळें.

म्हणून दुकानदार पेटीचें लाकूड दाखवूं लागला तरी आपण पहिला प्रश्न निराळा विचारावा: 'याची केंद्रांची यादी कोण ठेवतें, आणि ती सेवा उद्यां थांबली तर हें यंत्र काय कामाचें?' दुकानदार बहुधा गोंधळेल. तेव्हां माहितीपत्रक आपणच वाचावें. केंद्राचा पत्ता आपल्या हातानें यंत्रांत भरण्याची सोय असेल तर तें उत्तम. ती नसली तरी ब्लूटूथ असावें, दुसऱ्या उपकरणाची तार जोडण्याचें छिद्र असावें, आणि एफ. एम. असावें. म्हणजे यादी गेली तरी निदान एक चांगला स्पीकर घरांत उरतो. कंपनीनें आपल्या जुन्या गिऱ्हाइकांना आजवर कसें वागविलें याची चौकशी करणें तर वधूवरांच्या चौकशीइतकेंच आवश्यक आहे.

दुसरी अडचण केंद्रांच्या बाजूनें येते. आवाज पाठविण्याच्या रीती काळानुसार बदलतात. २०१५ सालीं बी. बी. सी. नें आपली एक जुनी रीत बंद करून नवी स्वीकारली, तेव्हां कित्येक जुन्या यंत्रांवरून तीं केंद्रें नाहींशीं झालीं. हल्लीं पुष्कळ केंद्रें आवाजाचे कांहीं सेकंदांचे तुकडे करून ते एकामागून एक पाठवितात. या रीतीस एचएलएस म्हणतात. हे तुकडे जोडण्याची विद्या ज्या यंत्राला येत नाहीं त्याला तें केंद्र ऐकूं येणार नाहीं, मग यादींत त्याचें नांव असो वा नसो. जुनें यंत्र स्वस्तांत मिळतें म्हणून घेणारांनीं हें विशेष पाहावें. यावर साधा उपाय असा कीं, घरांत खरोखर ऐकलीं जाणारीं चारपांच केंद्रें कागदावर लिहून काढावीं. मुंबईची अस्मिता वाहिनी, पुणें, विविध भारती, जें असेल तें. मग त्याच जातीचें यंत्र ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून तीं केंद्रें प्रत्यक्ष वाजवून घ्यावीं. तीस हजार केंद्रांची बढाई मारणाऱ्या यंत्रावर आपलें एक केंद्र नसलें तर त्या बाकीच्या केंद्रांचें आपण काय करणार?

येथें माझी स्वतःची एक चूक कबूल करतों. माझ्या आत्याबाई ऐंशीच्या घरांत आहेत. त्यांच्यासाठीं मीं एक सुबक यंत्र आणलें. त्याला सगळ्या कामांसाठीं मिळून एकच फिरवायचें बटण होतें. तें फिरविलें कीं कांचेवर बारीक अक्षरांत एक यादी, दाबलें कीं दुसरी, पुन्हां दाबलें कीं तिसरी. मला तें फार चतुर वाटलें. दोन दिवसांनीं आत्याबाई म्हणाल्या, "अरे, गाणें मागितलें तर हा मलाच चार प्रश्न विचारतो!" आणि त्यांनीं कपाटावरचा ट्रान्झिस्टर पुन्हां खालीं काढला. कंपनीचा दोष नव्हता. मीं यंत्र निवडलें तें माझ्या डोळ्यांनीं आणि माझ्या बोटांनीं. वडील माणसांसाठीं यंत्र घेतांना पृष्ठभागावर निदान चारपांच स्वतंत्र बटणें असलींच पाहिजेत, एक दाबलें कीं एक केंद्र लागलें पाहिजे, आवाजाचें बटण वेगळें पाहिजे, आणि अक्षरें चष्म्याशिवाय नाहीं तरी चष्म्यानें वाचतां आलीं पाहिजेत. वीज जाऊन आल्यावर तें आपण होऊन वायफायला जोडलें जातें कीं नाहीं, हेंहि दुकानांत प्लग काढून पाहावें. निजण्याच्या खोलींत ठेवावयाचें असेल तर कांचेचा उजेड मंद करण्याची सोय हवी. नाहींतर रात्रभर खोलींत चांदणें पडतें.

आवाजाविषयीं थोडक्यांत सांगतों. बातम्या, भाषणें, श्रुतिका एवढेंच ऐकावयाचें असेल तर घट्ट पेटींतला तीन इंची एक स्पीकर पुरेसा होतो. संगीताची गोष्ट निराळी. लहान पेटींतून तबल्याची चाट नीट ऐकूं येते, पण डग्ग्याचा घुमारा हरवतो, आणि तंबोऱ्याचा खर्ज तर नुसता मानून घ्यावा लागतो. वीतभर अंतरावर दोन स्पीकर बसवून त्यावर 'स्टीरिओ' अशीं सोनेरी अक्षरें लिहिलीं म्हणून डावें-उजवें वेगळें होत नाहीं. मैफलीची खरी आवड असेल तर आवाज बाहेर नेण्याचें छिद्र असलेलें यंत्र घेऊन त्याला घरचे मोठे स्पीकर जोडावेत. दुकानांत परीक्षा करतांना यंत्राबरोबर येणारें चकचकीत नमुन्याचें गाणें ऐकूं नये. आपल्या रोजच्या केंद्रावरची बातमी आणि एखादें ख्यालगायन ऐकावें.

परदेशांतून यंत्र आणणारांसाठीं दोनतीन सूचना आहेत. अशीं यंत्रें तिकडे साधारण शंभर डॉलरांपासून चारशें डॉलरांच्या वरपर्यंत मिळतात. अमेरिकेंत वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. तेव्हां ॲडाप्टरवर १०० ते २४० असा आंकडा छापला आहे ना, हें पाहिल्यावांचून प्लग लावूं नये. युरोपांतील यंत्रांवर डी. ए. बी. या डिजिटल पद्धतीची मोठी प्रौढी मिरवलेली असते. भारतांत आकाशवाणीनें मध्यम लहरींवर डी. आर. एम. ही निराळी पद्धत स्वीकारली आहे, तेव्हां डी. ए. बी. साठीं येथें जादा पैसे मोजणें व्यर्थ. आणि या नव्या यंत्रांत मध्यम लहरींची सोय बहुधा नसतेच, हें विसरूं नये.

इंटरनेटचा खर्च मात्र लोक समजतात तितका नाहीं. सेकंदाला १२८ किलोबिट या सामान्य वेगानें एक तास ऐकलें तर सुमारें ५८ मेगाबाइट खर्च होतात. रोज चार तास ऐकलें तर महिन्याला सुमारें ७ गिगाबाइट. घरच्या ब्रॉडबँडला त्याची दादहि लागत नाहीं. त्यापेक्षां राऊटर कोठें आहे हें महत्त्वाचें. तो बैठकींत आणि रेडिओ तीन भिंतींपलीकडे स्वयंपाकघरांत असेल, तर गाणें मध्येंच अडखळेल. वायफायच्या दोन पट्ट्यांपैकीं २·४ गिगाहर्ट्झची पट्टी भिंतींतून अधिक चांगली जाते, व कित्येक यंत्रांना तीच एक समजते. राऊटरवर ती बंद ठेवलेली नसावी.

कोणी म्हणतील, मोबाइल आहे, हांक मारली कीं गाणारे स्पीकर आहेत, मग ही पेटी कशाला? त्यांचें म्हणणें अगदींच चूक नाहीं. एकट्यानें ऐकणाराला मोबाइल पुरतो. हांकेनें चालणारे स्पीकर स्वस्तहि पडतात. पण तेहि कोणा दूरच्या कंपनीच्या मर्जीवर चालतात, आणि त्यांचा कान दिवसभर घरांतल्या बोलण्याकडे लागलेला असतो, तो मला तरी रुचत नाहीं. शिवाय मोबाइलवर गाणें लावलें कीं फोन येतो, आणि घरांतल्या चौघांचें ऐकणें एकाच्या बोलण्यासाठीं थांबतें.

या यंत्राची एक खोड मात्र कोणत्याहि किंमतींत सुटत नाहीं. आवाजाचा थोडा सांठा करून मग तें तो ऐकवितें, त्यामुळें सारें कांहीं सेकंद, कधीं अर्धा मिनिट देखील, उशिरा ऐकूं येतें. आत्याबाईंच्या घरीं आतां ठळक बटणांचें दुसरें यंत्र आहे. पांच बटणांखालीं मीं मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या चिकटविल्या आहेत, आणि सकाळचीं भक्तिगीतें त्या त्यावरच ऐकतात. बातम्यांच्या वेळीं मात्र कपाटावरचा ट्रान्झिस्टर खालीं येतो, कारण भिंतीवरचें घड्याळ त्या त्याच्याच ठोक्यांवर लावतात; आणि वीज गेली कीं राऊटरहि जातो, तेव्हां दोन सेल घातलेला तोच एकटा घरांत बोलत असतो.