रुळावर राहिलेला छंद

मुंबईहून मालाचा सौदा आटोपून परतणाऱ्या नाशिकच्या व्यापाऱ्याला कसाऱ्याचा थांबा पाठ असतो. गाडी काही वेळ उभी राहते, मागून एक हलका धक्का बसतो, हातातला चहा हिंदकळतो आणि डब्यातली अनुभवी मंडळी मुलांना सांगतात, ‘‘मागे बँकर लागले.’’ पुढचा थळ घाट सदतिसास एक या चढाचा आहे. म्हणजे दर ३७ मीटर अंतर कापताना गाडीला १ मीटर वर चढावे लागते. हा लोहमार्ग १८६५ मध्ये इगतपुरीपर्यंत पोहोचला. तेव्हापासून आजपर्यंत इंजिने बदलली, वाफ गेली, वीज आली. परंतु मागून जोर लावणारी जादा इंजिने आणि इगतपुरीला त्यांचे निमूटपणे सुटून मागे राहणे, हा क्रम चालूच राहिला.

हा सारा घाट एखाद्या खोलीत, टेबलावर उभा करावयाचा ठरवला तर काय लागेल? जगभरातील हौशी मंडळी हा प्रश्न शतकाहून अधिक काळ सोडवीत आली आहेत. त्यांच्यामध्ये सर्वांत रूढ असलेले माप ‘एचओ’ या नावाने ओळखले जाते. त्यात प्रत्येक वस्तू मूळ वस्तूच्या ८७ व्या भागाइतकी असते. उभा माणूस दोन सेंटीमीटरांचा, प्रवासी डबा सुमारे पंचवीस सेंटीमीटरांचा आणि रुळांमधील अंतर साडेसोळा मिलिमीटरांचे. नाशिक रोड ते मुंबई हे लोहमार्गाचे अंतर सुमारे १८७ किलोमीटर आहे. याच प्रमाणात ते मांडावयाचे झाल्यास दोन किलोमीटरांहून लांब टेबल लागेल! म्हणूनच छोटी रेल्वे बांधणाऱ्याला पहिल्या दिवसापासून निवड करावी लागते. कोणते स्थानक ठेवावे, कोणता बोगदा गाळावा, कोणत्या वळणाने प्रवासाचा आभास निर्माण करावा, हे ठरविणे हाच त्या कलेचा अर्धा भाग होय.

कोथरूडमधील गाव

नाशिककर कुटुंबांचे पुण्यास जाणे-येणे नित्याचे असते. कधी लग्नकार्य, कधी मुलांचे शिक्षण, कधी व्यापार. अशा मुक्कामात अर्धा दिवस राखून पाहावे असे एक ठिकाण कोथरूडमध्ये, कर्वे रस्त्याच्या परिसरात आहे. ते म्हणजे जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय. कै. भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेल्या छंदातून ते उभे राहिले आणि १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. सौदामिनी इन्स्ट्रुमेंट्स या कुटुंबाच्या उद्योगाच्या इमारतीतच ते आहे, ही गोष्ट व्यापारी वाचकांना विशेष वाटेल. एकाच छताखाली चरितार्थ आणि छंद नांदतात. आणि उद्योगात लागणारे यंत्रांचे ज्ञान छंदाच्याही उपयोगी पडते.

कायमच्या जागेपूर्वीची एक पायरी होती. १९८० च्या दशकात भाऊंनी आपली छोटी रेल्वे पुण्यात प्रदर्शनाच्या रूपाने लोकांसमोर मांडली होती. अशी मांडणी सुटी करून हलविणे आणि पुन्हा जोडणे किती जिकिरीचे असते, हे ज्याने एकदा दुकानाचे स्थलांतर केले आहे त्याला सांगावयास नको. रुळाचा सांधा केसभर सरकला तरी गाडी घसरते. तारेचे एक टोक सुटले तर निम्मे गाव अंधारात जाते. यातूनच एका जागी स्थिर राहील अशा गावाची कल्पना पुढे आली आणि ती साकारण्यास वर्षे लागली.

आज तेथे प्रेक्षक एका विस्तीर्ण मांडणीसमोर बसतात. सुमारे पंचवीस मिनिटांचा खेळ असतो. वाफेच्या इंजिनाची जुनी गाडी धुराच्या आठवणी जागवीत निघते, तर दुसऱ्या मार्गावरून जर्मनीची वेगवान गाडी सळसळत जाते. डोंगरावर दोराने ओढली जाणारी गाडी आहे. रस्त्यावर मोटारी आहेत, सर्कशीचा तंबू आहे, पोहण्याचा तलाव आहे. मग हळूहळू खोलीतील प्रकाश मंदावतो, गावात संध्याकाळ होते आणि घराघरांत दिवे लागतात. या क्षणी लहान मुले गप्प होतात आणि मोठी माणसे पुढे वाकतात, असे तेथे हमखास पाहावयास मिळते.

रुळाखालची शिस्त

हे दृश्य डोळ्यांना सुखावणारे असले तरी खरी गंमत टेबलाच्या खाली असते. अशा मांडणीत इंजिनाला वीज मिळते ती रुळांतूनच. सर्वसाधारण पद्धतीत बारा व्होल्टपर्यंतचा एकदिश प्रवाह दोन रुळांतून दिला जातो. दाब वाढविला की गाडी वेग घेते आणि प्रवाहाची दिशा उलटी केली की गाडी मागे जाते. एकाच रुळावर दोन गाड्या चालवावयाच्या असल्यास मार्गाचे वेगवेगळे विद्युत विभाग पाडतात. पुढचा विभाग रिकामा झाल्याखेरीज मागच्या गाडीला वीज मिळू द्यावयाची नाही, असा नियम असतो. मोठ्या रेल्वेतही हेच तत्त्व आहे. एका वेळी एका विभागात एकच गाडी. सिग्नल लाल असताना थांबलेली गाडी वेळ वाया घालवीत नसते, पुढच्या गाडीचा मार्ग ती राखीत असते. हे व्याख्यानातून सांगितले तर मुले जांभई देतील; तेच ती येथे पाच मिनिटांत डोळ्यांनी शिकतात.

वेगाचेही तसेच. ताशी १०० किलोमीटरने धावणारी गाडी या प्रमाणात मांडली तर सेकंदाला साधारण बत्तीस सेंटीमीटर, म्हणजे एका फुटाच्या आसपास, जाते. घरी खेळण्यातली आगगाडी मुले याच्या कितीतरी पट वेगाने पळवितात आणि ती पहिल्याच वळणावर कोलमडते. गाडी सावकाश, न थबकता चालविणे हेच या छंदातील कौशल्य मानले जाते.

परदेशात हा छंद अनेक ठिकाणी एकट्याचा राहिलेला नाही. हौशी लोक मंडळ स्थापन करतात, भाड्याची खोली घेतात आणि ठराविक दिवशी दारे लोकांसाठी उघडतात. काही मंडळांत प्रत्येक सभासद आपापला तुकडा घरी बांधतो. तुकड्यावर डोंगर करावा की बाजारपेठ, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. मात्र दोन्ही टोकांना रूळ कोठे यावेत आणि तारा कशा जोडाव्यात, याचे माप सर्वांना सारखे असते. म्हणून प्रदर्शनाच्या दिवशी वीस घरांतील वीस तुकडे जोडले की एक अखंड लोहमार्ग तयार होतो. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात १९४६ मध्ये विद्यार्थ्यांचे असेच एक मंडळ निघाले. तेथील काही मुलांना गाड्यांपेक्षा टेबलाखालच्या तारांच्या जाळ्यातच अधिक रस वाटू लागला आणि त्यांच्यापैकी कित्येक पुढे संगणकशास्त्राच्या पहिल्या फळीत गेले. जर्मनीतील हँबर्ग बंदरात जुन्या व्यापारी गोदामांच्या वस्तीत, जेथे एके काळी कॉफी, चहा आणि गालिचे साठविले जात, तेथे दोन जुळ्या भावांनी २००१ मध्ये अशीच छोटी रेल्वे लोकांसाठी उघडली. आज ती या प्रकारातील जगातील सर्वांत मोठी मांडणी म्हणून ओळखली जाते.

घसाऱ्याचे खाते

व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर या साऱ्यात एक प्रश्न उभा राहतो. चित्र भिंतीवर टांगले की ते पन्नास वर्षे राहते. नाणी पेटीत ठेवली की ती सुरक्षित असतात. चालती रेल्वे मात्र ठेवून राहत नाही. रुळांवर धुळीचा पापुद्रा बसला की वीज चाकांपर्यंत पोहोचत नाही आणि गाडी मध्येच थबकते. चाकांवर काजळी धरते, मोटारीचे भाग झिजतात, इवलाले दिवे जातात, जुन्या सुट्या भागांची निर्मिती बंद होते. पुस्तकात ज्याला घसारा म्हणतात तो येथे रोज डोळ्यांसमोर घडतो. त्याची भरपाई पैशाने थोडी आणि हातांनी अधिक करावी लागते. खेळ पंचवीस मिनिटांचा असला, तरी रूळ पुसणाऱ्याचे काम त्या आधी आणि नंतर चालूच असते.

म्हणूनच अशा छंदांचा खरा कसोटीचा काळ छंद जोपासणाऱ्याच्या पश्चात येतो. कित्येक घरांत वडिलांनी जमविलेल्या वस्तू त्यांच्यामागे खोक्यांत बंद होतात. दोन वर्षे माळ्यावर, मग एका घाऊक सौद्यात बाहेर. मुले कृतघ्न असतात म्हणून हे घडत नाही. वडिलांनी वस्तू दाखविल्या, पण त्या कशा चालतात हे कधी हाती धरून शिकविले नाही, हे बहुधा त्याचे कारण असते. कोथरूडचे संग्रहालय याला अपवाद ठरले. भाऊ जोशी यांच्यामागे त्यांच्या कुटुंबातील पुढच्या पिढीने ते हाती घेतले आणि गाड्या रुळावर राहिल्या. पेढीचा वारसा नावाच्या पाटीपेक्षा रोजकीर्दीवर टिकतो, हे आपली व्यापारी घराणी जाणतात. छंदाचा वारसाही तसाच.

ज्याची देखभाल थांबली त्याचे काय होते, याचे उदाहरण नाशिकातच आहे. नाशिक शहर आणि नाशिक रोड स्थानक यांच्यामध्ये १८८९ पासून घोड्यांची ट्राम चालत असे. १९३० च्या दशकाच्या आरंभी ती बंद झाली. मेन रोडवर ज्यांच्या दुकानांची तिसरी-चौथी पिढी बसते, त्यांच्या पणजोबांनी कदाचित त्या ट्रामने स्थानक गाठले असेल. आज त्या रस्त्यावर तिचा रूळ दाखवून मुलांना ‘येथून जात असे’ असे सांगता येत नाही. एखाद्या हौशी नाशिककराने तिची दोन डब्यांची, चार घोड्यांची छोटी प्रतिकृती करून मेन रोडच्या तुकड्यावर चालविली, तर ती शहराच्या इतिहासाची मोठी सेवा ठरेल. त्यासाठी एक भक्कम टेबल, जुनी छायाचित्रे, थोडी सुतारकी आणि सुट्ट्यांचे काही महिने पुरे आहेत. हे काम आजोबा आणि नातू यांना मिळून करता येण्यासारखे आहे.

पाहावयास जाताना

पुण्यास जाण्याचे ठरल्यास खेळाच्या वेळा आधी दूरध्वनीवरून विचारून घ्याव्यात. मुलांना पुढच्या रांगेत बसवावे. सर्व गाड्या एकदम पाहण्याचा मोह आवरून प्रत्येक मुलाने एकच गाडी निवडावी आणि ती कोठे थांबते, का थांबते, तिच्यासाठी कोणता सिग्नल बदलतो, हे शेवटपर्यंत पाहावे. परतीच्या वाटेवर गप्पांना हा विषय पुरतो. खेळ संपल्यावर तेथील मंडळींना गाड्यांबद्दल नव्हे, तर साफसफाईबद्दल एखादा प्रश्न विचारावा. छंद चालविणाऱ्या माणसाला तोच प्रश्न सर्वांत आवडतो.

आणि पुढच्या वेळी मुंबईहून परतताना कसाऱ्यास धक्का बसला, की मुलांना इगतपुरीपर्यंत जागे ठेवावे. चढ संपल्यावर मागची इंजिने सुटतात आणि गाडी आपल्या बळावर नाशिककडे निघते, ते त्यांना खिडकीतून दाखवावे.