हैदराबादच्या नांवाचीं विमानें

छत्रपति संभाजीनगराहून, म्हणजे पूर्वींच्या औरंगाबादेहून, बीडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर पैठण तालुक्यांत पाचोड हें गांव आहे. ज्वारी, बाजरी आणि कापूस हीं इकडचीं जुनीं पिकें. अलीकडे मोसंबीच्या बागांमुळें ह्या गांवाच्या बाजाराचें नांव दूरवर गेलें आहे. १९४८ सालापर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या अमलाखालीं होता. जर्मनीवर बाँब टाकणाऱ्या विमानांचा ह्या काळ्या मातीशीं कांहीं संबंध आहे, असें आम्हीं म्हटलें तर घरांतलीं मुलेंदेखील हंसतील. परंतु संबंध आहे, आणि तो नुसता कल्पनेंतला नाहीं.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षीं सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनीं ब्रिटिश सरकारास बाँबफेकी विमानांचें एक संबंध पथक सजवून दिलें. त्या प्रत्येक विमानावर, ‘हैदराबादचे निजाम यांजकडून भेट’ अशा अर्थाचीं इंग्रजी अक्षरें रंगविलेलीं असत व खालीं ‘हैदराबाद’ असें लिहून क्रमांक घातलेला असे. पथकाचा सरकारी आंकडा ११० होता. पण ‘हैदराबाद पथक’ हेंच त्याचें कायमचें नांव झालें. आतां, राजाचें द्रव्य सरकारी खजिन्यांतलें असो कीं ‘सर्फ-इ-खास’ नांवाच्या त्याच्या खासगी मुलुखाचें असो, त्याच्या मुळाशीं शेतसारा भरणारी रयतच असते. तेव्हां ह्या पथकाची हकीकत मराठवाड्याच्या माणसानें परकी म्हणून बाजूस सारण्याजोगी नाहीं.

विमान व त्यांतलीं दोन माणसें

हीं विमानें ‘डी. एच. नाइन-ए’ जातीचीं होतीं. लांकडी सांगाडा, त्यावर ताणून बसविलेलें कापड आणि पुढें चारशें अश्वशक्तीचें अमेरिकन लिबर्टी एंजिन, अशी त्यांची रचना. आंत माणसें दोनच. पुढें वैमानिक बसे. त्याच्या मागें बसणारा सोबती वाट पाही, टेहळणी करी आणि प्रसंग पडल्यास मशिनगन चालवी. दोघांच्याहि डोक्यावर छप्पर नसे. सुमारें साडेचारशें पौंडांचे बाँब घेऊन हें विमान पंधरा हजार फुटांच्या आसपास चढे. आपलें कळसूबाईचें शिखर जवळजवळ साडेपांच हजार फूट उंच आहे. त्याच्या तिप्पट उंचीवर, उघड्या वाऱ्यांत, हीं माणसें कित्येक तास बसून राहात. बोटें बधिर होत, बंदुकीचें तेल गोठे. ह्या थंडीवर उपाय म्हणून सिडने कॉटन नांवाच्या एका ऑस्ट्रेलियन वैमानिकानें १९१७ सालीं आंतून अस्तर लावलेला एकसंध अंगरखा तयार केला, आणि तो ब्रिटिश वैमानिकांत लौकरच रूढ झाला. ह्या कॉटनसाहेबाचें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. तो पुढें पुन्हां भेटणार आहे.

हें पथक १९१८ च्या सप्टेंबराच्या आरंभीं फ्रान्समध्यें, नान्सी शहराच्या दक्षिणेस असलेल्या बेतोंकूर येथें उतरलें. जर्मनीच्या आंत शिरून कारखाने, रेल्वेचीं स्थानकें आणि विमानतळ यांवर बाँब टाकण्यासाठीं सेनापति ट्रेंचर्ड यांच्या हाताखालीं जें स्वतंत्र दल उभारलें होतें, त्यांत त्याची गणना झाली.

पथकाचा दिनक्रम

बाँबफेकी पथकाचें जीवन म्हणजे अष्टौप्रहर रणधुमाळी, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिति निराळी होती. ह्या जीवनाचा बराच भाग वाट पाहण्यांत जाई. धुकें फिटण्याची वाट, ढग फाटण्याची वाट, वरून हुकूम येण्याची वाट. यांत्रिक लोक पहांटेच्या अंधारांत उठून एंजिनें गरम करीत. दुसरे बाँब अडकवीत. तिसरे पंखांच्या तारा ताणून पाहात. वैमानिक नकाशावरून बोट फिरवीत नद्या आणि लोहमार्ग मनांत ठसवून घेत, कारण आकाशांत वाट दाखविणारे खुणेचे दगड तेच. मग हुकूम सुटे. विमानें एकामागून एक उडत, वर्तुळें घेत घेत उंची गांठीत आणि दाट फळी धरून पूर्वेकडे वळत. ही फळी हेंच त्यांचें कवच असे. इतक्या दूरवर सोबत करण्यास लढाऊ विमानें पोंचूं शकत नसत. त्यामुळें जो मागें पडे, तो शत्रूच्या विमानांच्या हातीं सांपडे.

आणि मग सर्वांत कठीण काम उरे तें जमिनीवरच्यांना. परतीची वेळ झाली कीं यांत्रिक मैदानांत येऊन उभे राहात आणि ठिपके मोजूं लागत. आपल्या एकत्र कुटुंबांत पंक्तीला एक पान कमी मांडावें लागलें तर घरांतल्या बायकांचा हात कसा थबकतो, हें वाचकांस सांगावयास नको. त्या छावणींत हा प्रसंग वरचेवर येई. न परतलेल्याचे कपडे, पत्रें, दाढीचें सामान एका पेटींत भरलें जाई आणि कोणातरी आईच्या दारीं ‘बेपत्ता’ ह्या एका शब्दाची तार जाऊन पडे.

पहिली स्वारी १४ सप्टेंबर १९१८ रोजीं बूले येथील विमानतळावर झाली. २५ सप्टेंबरला फ्रँकफुर्टवर स्वारी झाली. ५ ऑक्टोबरला कैझर्सलौटर्न व पिर्माझेन्स ह्या बाजूस जी स्वारी निघाली, तींत ‘हैदराबाद क्रमांक १२-ए’ हें विमान शत्रूच्या मुलुखांत खालीं आलें व त्यांतले दोघेहि कैद झाले. २१ ऑक्टोबरला तर सात विमानें परत आलीं नाहींत. सात विमानें म्हणजे चौदा माणसें! कांहीं मेलीं, कांहीं बंदीवासांत गेलीं. पण त्या रात्रीं भोजनगृहांत जागा मात्र चौदा रिकाम्या होत्या. युद्ध थांबेपर्यंतच्या दोन महिन्यांत ह्या पथकानें शत्रूवर साडेदहा टन बाँब टाकले. त्यासाठीं १७ विमानें शत्रूनें घेतलीं आणि २८ नुसत्या अपघातांत गेलीं. शत्रूपेक्षां धुकें, एंजिन आणि उतरण्याची जमीन यांनींच ह्या पथकाचीं अधिक विमानें खाल्लीं!

त्याच दिवसांत इकडे

हीच वेळ इकडे दख्खनेंत कशी होती? १९१८ चा पावसाळा फसला होता, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरांत इन्फ्लुएंझाची साथ गांवोगांव फिरत होती. हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या १९११ च्या शिरगणतींत १ कोटी ३३ लाखांवर होती. १९२१ सालीं ती १ कोटी २४ लाखांवर आली. त्या दहा वर्षांतली सारी हानि एका साथीची नव्हे, हें खरें. पण तिचा मोठा वांटा त्या एका हंगामाचा होता. ज्यांच्या घामाच्या पैशांतून तीं विमानें झालीं, त्यांच्या गांवांत औषधाची बाटली मिळणें मुष्कील होतें, आणि आपल्या संस्थानाचें नांव जर्मनीच्या आकाशांत फिरतें आहे, ह्याची त्यांना वार्ताहि नव्हती. त्यांना कोणी विचारलें नव्हतें. राजाच्या दानांत रयतेला विचारण्याची चाल नव्हती. त्याच वर्षीं निजामांना मात्र ‘ब्रिटिश सरकारचे एकनिष्ठ मित्र’ हा किताब मिळाला.

दुसऱ्या महायुद्धांत

१९१९ सालीं मोडलेलें हें पथक १९३७ सालीं पुन्हां उभें राहिलें. त्याच्या चिन्हांत वाघ आला, तो हैदराबादच्या संबंधामुळें. ब्रीदाचा अर्थ, ‘मी भीत नाहीं, आणि कोणाला तुच्छहि लेखीत नाहीं’. ३ सप्टेंबर १९३९ ला युद्ध पुकारलें गेलें, आणि दुसऱ्याच दिवशीं इंग्लंडांतील वॉटिशॅम येथून ह्या पथकाचीं पांच ब्लेनहाइम विमानें डोरन नांवाच्या अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखालीं विल्हेल्म्सहाफेनजवळच्या जर्मन युद्धनौकांवर गेलीं. ब्रिटिश विमानदलाचा त्या युद्धांतला हा पहिलाच बाँबहल्ला. ढग इतके खालीं आले होते कीं विमानें डोलकाठ्यांच्या उंचीवरून गेलीं. ‘अॅडमिरल शेअर’ ह्या नौकेवर बाँब नेमके पडले. पण ते फुटलेच नाहींत. ह्या पथकाचें एक विमान ‘एम्डेन’ नौकेवर कोसळलें, आणि योग असा कीं त्याच्या वैमानिकाचें आडनांवहि एम्डेनच होतें! १९१४ सालीं मद्रासवर गोळे टाकून साऱ्या हिंदुस्थानाची झोंप उडविणारी जी ‘एम्डेन’, तिचेंच नांव ह्या नव्या नौकेस दिलेलें होतें. मागून गेलेल्या १०७ क्रमांकाच्या पथकाच्या पांचांपैकीं चार विमानें परत आलीं नाहींत. युद्धाच्या आरंभींच शौर्य आणि निष्फळता हीं अशीं हातांत हात घालून आलीं.

पुढें ह्या कामाचें प्रमाण किती वाढलें, हें एका आंकड्यावरून कळेल. सहा वर्षांत ब्रिटनच्या बाँबफेकी दलांत सुमारें सव्वा लाख माणसें उडालीं. त्यांपैकीं ५५,५७३ मेलीं. बहुतेक विशी-पंचविशींतलीं. आणि ज्या शहरांवर त्यांनीं आग ओतली, तेथेंहि माजघरें होतीं आणि पाळणे होते; कारखाना तेवढा निवडून टाकणारा बाँब कोणीं काढला नव्हता. वैमानिकाचें धैर्य मान्य करतांना ही दुसरी बाजू झांकून ठेवणें आम्हांस बरें वाटत नाहीं.

१९४२ सालीं हैदराबाद पथक आपलें नांव घेऊन हिंदुस्थानांतच आलें. जवळजवळ उभ्या रेषेंत सूर मारून बाँब टाकणाऱ्या ‘व्हेंजन्स’ विमानांतून तें ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढलें. आपल्या हिंदी विमानदलाचीं ७ व ८ क्रमांकांचीं पथकेंहि तेथें ह्याच विमानांतून लढत होतीं. मागाहून लांकडी ‘मॉस्किटो’ विमानें आलीं. पण इकडच्या दमट उष्णतेंत त्यांच्या जोडांनीं दगा दिला आणि १९४४ च्या अखेरीस तीं कांहीं काळ जमिनीवरच बसवावीं लागलीं. जपाननें १५ ऑगस्ट १९४५ ला शस्त्र खालीं ठेवल्याचें जाहीर केलें. तरी सितांग नदीच्या पलीकडे तिकेडो येथें कांहीं जपानी तुकडी हटेना, म्हणून २० ऑगस्टला ह्याच पथकानें तेथें बाँब टाकले. युद्धाच्या पहिल्या हल्ल्यांतहि हैदराबादचें नांव, आणि अखेरच्या हल्ल्यांतहि तेंच.

दानाचें फळ

निजामांनीं पुढें लढाऊ विमानांच्या १५२ व २५३ ह्या क्रमांकांच्या पथकांसहि आपल्या संस्थानाचें नांव जोडून दिलें. पण १९४८ सालीं त्यांच्यावरच वेळ आली, तेव्हां ह्या तीन पथकांच्या धन्याजवळ स्वतःचें म्हणावें असें हवाई दल नव्हतें. ‘एकनिष्ठ मित्रा’ला राखण्यास इंग्रज आले नाहींत. आला तो सिडने कॉटन! थंडीचा अंगरखा काढणारा तोच गृहस्थ कराचीहून रात्रीच्या वेळीं चोरून शस्त्रें आणूं लागला, आणि त्याचीं ‘लँकॅस्ट्रियन’ विमानें म्हणजे ‘लँकॅस्टर’ ह्या बाँबफेक्या विमानाचाच मुलकी अवतार होता. त्या शस्त्रांनीं कांहीं साधलें नाहीं. १३ सप्टेंबरला हिंदी फौजा संस्थानांत शिरल्या, १७ तारखेस निजामांनीं हात टेकले, आणि पाचोडसारखीं गांवें स्वतंत्र भारतांत आलीं.

आम्हांस ह्या हकीकतींतून एवढेंच सांगावयाचें आहे कीं दानावर जें नांव कोरलें जातें, तें क्वचितच देणाऱ्याचें असतें. येथें नांव राजाचें होतें, पैसा कुणब्याचा होता, प्राण परक्या आयांच्या मुलांचे होते, आणि मरण आणखीच तिसऱ्या मुलखांतल्या घरांवर पडलें. ह्या चौघांची कधीं गांठ पडली नाहीं. आज आपण कर भरतों आणि आपल्या नांवानें शस्त्रें घेतलीं जातात. फरक इतकाच कीं आतां विचारण्याचा हक्क आपणांस आहे. तो हक्क घरांतल्या मुलांना समजावून देणें, हें वडील माणसांचें काम आहे.

‘हैदराबाद क्रमांक १२-ए’ हें जर्मनांनीं धरलेलें विमान मात्र टिकून राहिलें. प्रथम बर्लिनच्या व नंतर पोलंडमधील क्रॅकोच्या संग्रहालयांत राहून १९७७ सालीं तें इंग्लंडला परतलें, आणि लंडनच्या हेंडन भागांतील विमानदलाच्या संग्रहालयांत जतन झालें. मुलानातवांकडे लंडनला जाणाऱ्या वाचकांनीं सवड काढून तें अवश्य पाहावें, आणि त्यावरचीं निजामाच्या नांवाचीं अक्षरें वाचतांना, त्याच्या कापडाखालीं ज्यांचा पैसा दडला आहे, त्या कुणब्यांचीहि आठवण करावी.