भांडण त्यांचे, प्रश्न आमचे

अमेरिकेत पक्षाचे तिकीट हायकमांड वाटत नाही. उमेदवार कोण, हे प्राथमिक निवडणुकीत मतदार ठरवतात. त्याआधी एकाच पक्षाचे इच्छुक दूरचित्रवाणीवर समोरासमोर येतात.

२१ जानेवारी २००८. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची सुटी. दक्षिण कॅरोलिनात मर्टल बीच येथे डेमोक्रॅटिक पक्षाच्या इच्छुकांचा वाद रंगला. तेथील या पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत निम्म्याहून अधिक मतदार कृष्णवर्णीय. ओबामांनी हिलरी क्लिंटन यांचे वॉलमार्टमधील संचालकपद काढले; क्लिंटन यांनी ओबामांच्या वकिलीतील जुना अशील उकरला. अखेर जॉन एडवर्ड्स यांनीच विचारले, या भांडणातून किती मुलांना औषधोपचार आणि शिक्षण मिळणार?

मतदारांची अपेक्षा याहून वेगळी नसते, असे आम्हांस वाटते. त्याच राज्यातील डिलन गावच्या शाळेचे छत गळत असे. शेजारून आगगाडी गेली की शिकवणे थांबत असे. तेथील पालकाला कोण कोणास काय बोलले, याच्याशी काय कर्तव्य? शाळा कधी बांधणार, पैसा कोठून आणणार, एवढे त्याला सांगा!

राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता, या विसंगतीचा इशारा बाबासाहेबांनी १९४९ साली संविधान सभेत दिला होता. त्या विषमतेचा जाब न विचारणारा वाद म्हणजे निव्वळ करमणूक. आपल्याकडे तर तिकीट कोणाला द्यावे, हे कोणी आपल्याला विचारतही नाही. निदान मत मागायला दारात आलेल्याला तरी आपण हा जाब विचारणार की नाही?