चोथा हलवावा की झाकावा

युरेनियमच्या खनिजात युरेनियम नावापुरतंच असतं. अमेरिकेतल्या कोलोराडो पठारावरच्या खाणींत टनामागे दोन-तीन किलो मिळालं तरी ती खाण चांगली समजत. बाकीचं सगळं चिपाड. दगड पिठासारखा दळायचा, आम्लात किंवा अल्कलीत भिजवायचा, युरेनियम विरघळवून बाहेर काढायचं, त्याची पिवळी भुकटी पिंपांत भरून पाठवायची आणि उरलेला ओला चोथा गिरणीमागच्या मोकळ्या जागेत पंपाने सोडायचा. गुऱ्हाळातलं चिपाड निदान चुलाण्याला जातं. हा चोथा कशालाच लागत नाही, आणि खनिजातली सुमारे ८५ टक्के किरणोत्सारिता त्यातच मागे राहिलेली असते. रेडियमचं अर्धायुष्य १,६०० वर्षं. ते ज्या थोरियमपासून बनतं त्याचं सुमारे ७५,००० वर्षं. रेडियममधून रेडॉन वायू निघत राहतो, जेमतेम चार दिवसांत निम्मा होतो, पण मागून नवा येतच असतो.

यूटा राज्यातल्या मोॲब गावापासून तीन मैलांवर, कोलोराडो नदीच्या पश्चिम काठाला या चोथ्याचा १३० एकरांवर पसरलेला आणि ९४ फूट उंच ढीग होता. नदी तिथून साधारण ७५० फुटांवर. रस्त्यापलीकडे आर्चेस राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशद्वार, म्हणजे मोॲबहून लाल दगडी कमानी पाहायला निघालेला प्रवासी या ढिगाशेजारूनच आत जायचा. ढिगाखाली अस्तर म्हणून काही घातलेलंच नव्हतं. चोथ्यातलं पाणी झिरपत खालच्या गाळवाळूत जात होतं आणि तिथून नदीत.

या ढिगाचं मूळ १९५२ सालच्या जुलैत आहे. चार्ली स्टीन नावाचा कफल्लक भूगर्भतज्ज्ञ लिस्बन व्हॅलीत भोकं पाडत होता. किरणोत्सार मोजायचं यंत्रही परवडत नव्हतं. १९७ फुटांवर त्याची छिद्रयंत्राची नळी तुटली. वर आलेला काळपट दगड बरोबर घेऊन तो सिस्को गावच्या पेट्रोलपंपावर गेला, तिथे मित्राच्या यंत्राचा काटा पार टोकाला गेला. त्या खाणीचं नाव मी विदा. स्टीनने आपले झिजलेले बूट ब्राँझमध्ये मढवून घेतले, मोॲबच्या टेकडीवर बंगला बांधला आणि १९५६ मध्ये नदीकाठी ही गिरणी सुरू केली. १९६२ मध्ये ती अ‍ॅटलस कंपनीकडे गेली. सरकारला बाँबसाठी आणि पुढे वीजभट्ट्यांसाठी युरेनियम हवं होतं, चोथा कुणी मागत नव्हतं. गिरणी १९८४ मध्ये बंद पडली. त्याच वर्षीच्या वसंतात कोलोराडोला मोठा पूर आला आणि पाणी ढिगाच्या पायथ्याला लागलं.

चोथ्याकडे लक्ष जायला खूप वेळ लागला. शेजारच्या कोलोराडो राज्यातल्या ग्रँड जंक्शन शहरात १९५० आणि ६० च्या दशकांत लोक अशीच बारीक, स्वच्छ दिसणारी वाळू फुकट घेऊन जात, घरांच्या पायांत, ओट्यांत, बागांत घालत. रेडॉन घरातच साठत होता. पुढे तिथली हजारो घरं खोदून साफ करावी लागली. अमेरिकी काँग्रेसने १९७८ मध्ये या चोथ्यासाठी स्वतंत्र कायदा केला. पुढच्याच वर्षी, १६ जुलै १९७९ ला, न्यू मेक्सिकोतल्या चर्च रॉक इथे चोथ्याच्या तलावाचा बांध फुटला आणि सुमारे ९.४ कोटी गॅलन आम्लधर्मी पाणी पुएर्को नदीतून नवाहो लोकांच्या वस्तीकडे वाहत गेलं. कायद्याखाली ठरलेले निकष वाचण्यासारखे आहेत: बंदोबस्त जमेल तितका १,००० वर्षं टिकला पाहिजे, आणि कमीत कमी २०० वर्षं तरी टिकायलाच हवा. हजार मागून दोनशेवर तडजोड करण्याची ही भाषा कुठल्याही सरकारी खात्याला शोभून दिसते.

आता ज्याचा परिचय करून द्यायचा आहे तो पर्यावरण परिणाम अहवाल. अमेरिकेत १ जानेवारी १९७० ला निक्सन यांनी सही केलेल्या कायद्याने तो जन्माला आला. संघराज्य सरकारचं कोणतंही खातं एखादं मोठं काम हाती घेणार असेल, किंवा त्याला परवानगी देणार असेल, तर आधी परिणाम लिहून काढायचे, पर्याय शेजारी शेजारी मांडायचे, मसुदा लोकांपुढे ठेवून हरकती आणि सूचना घ्यायच्या, त्या प्रत्येकाला उत्तर द्यायचं, मग अंतिम अहवाल आणि शेवटी निर्णयपत्र. हा कायदा काय करा ते सांगत नाही. विचार करा, आणि विचार केल्याचं लेखी दाखवा, एवढंच त्याचं म्हणणं. आपल्याकडे कोकणाला या प्रकाराची ओळख जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाच्या माडबनमधल्या मे २०१० च्या जनसुनावणीने झाली. पण आपल्याकडे अहवाल प्रकल्प करणाराच सल्लागाराकरवी तयार करून घेतो. मोॲबच्या बाबतीत तो खुद्द सरकारी यंत्रणेने लिहायचा होता. आणि लिहिलाही, एकदा नव्हे, दोनदा. दोन्ही अहवालांचं उत्तर उलटं निघालं, म्हणूनच मोॲब इतर साफसफाईंपेक्षा वेगळं.

पहिला अहवाल अणु नियामक आयोगाचा, १९९९ चा. गिरणीचा परवाना अ‍ॅटलसकडे होता आणि कंपनीची योजना सरळ होती: ढीग आहे तिथेच ठेवू, वरून मातीचा आणि दगडांचा जाड थर घालू, नदीकडच्या बाजूला पिचिंग करू. आयोगाने अहवालात विचारलेला प्रश्न असा: कंपनीचा हा प्रस्ताव चालण्यासारखा आहे का? उत्तर आलं, काही अटींवर आहे. ढीग हलवणं चांगलं की वाईट हा प्रश्न खरं तर टेबलावर नव्हताच. कंपनीकडे तेवढे पैसे नव्हते हे सगळ्यांना माहीत होतं. अहवाल पुरा होण्याआधीच, १९९८ मध्ये, अ‍ॅटलसने दिवाळं काढलं.

मग काँग्रेस मध्ये पडली. ऑक्टोबर २००० मध्ये संरक्षण खर्चाच्या एका मोठ्या कायद्यात काही कलमं घालून हा ढीग ऊर्जा विभागाच्या गळ्यात घातला, आणि राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा सल्ला घ्यायला सांगितलं. २००२ मध्ये अकादमीच्या समितीने आपलं मत दिलं. त्यात एक वाक्य नंतर सगळीकडे फिरलं. त्याचा अर्थ असा की, बंदोबस्त केला नाही तर कधी ना कधी ही नदी या जागेवरून वाहणार हे जवळजवळ नक्की आहे. कधी, ते मात्र कुणालाच सांगता येणार नव्हतं.

दुसरा अहवाल ऊर्जा विभागाचा. मसुदा नोव्हेंबर २००४ मध्ये, अंतिम जुलै २००५ मध्ये. या वेळी ढीग सरकारचाच होता, त्यामुळे प्रश्नही बदलला: ठेवायचा, की हलवायचा? आणि हलवायचा तर कुठे आणि कसा? हलवण्यासाठी तीन जागा. उत्तरेला १८ मैलांवरचं क्लाँडाइक फ्लॅट्स, ३० मैलांवरचं क्रेसेंट जंक्शन, आणि दक्षिणेला व्हाइट मेसाची चालू गिरणी. वाहतुकीचे तीन मार्ग: ट्रक, रेल्वे, किंवा पाण्यात कालवून नळीतून. शिवाय ‘काहीच करू नका’ हा पर्यायही मोजायचा असतो. कायदाच तसं सांगतो, नाहीतर बाकीचे पर्याय कशाच्या तुलनेत बरे ते कळणार कसं.

अहवालाचा मोठा भाग कंटाळवाणा आहे. धुळीचे आकडे, ट्रकच्या खेपा, कर्करोगाचा अंदाज, स्थानिक धंद्यांवर होणारा परिणाम. रस मात्र नदीच्या भांडणात आहे. मोॲबचं खोरं म्हणजे जमिनीखालचं मीठ विरघळून खचलेली एक लांबट घडी. विभागाच्या तज्ज्ञांचं म्हणणं, खोरं ज्या बाजूला खचतं तिकडेच, म्हणजे आग्नेयेला, ढिगापासून लांब, नदी सरकत चालली आहे. यूटा राज्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं वेगळं. ढीग ज्या मैदानावर बसलाय ते मैदान नदीनेच आणून टाकलेलं आहे, खाली तिचाच गाळ आणि गोटे आहेत. जिथून ती एकदा गेली तिथे परत यायला तिला कुणाची परवानगी लागत नाही. कोकणात वा पश्चिम महाराष्ट्रात नदीकाठी घर असलेल्या माणसाला हा वाद समजावून सांगावा लागणार नाही. नदीने पात्र सोडलं असं आपण म्हणतो, पात्र विसरली असं म्हणत नाही.

इथे अहवालाने जे केलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. विभागाने आपलं मत बदललं नाही आणि दुसरं मत दडपलंही नाही. ‘जबाबदार विरोधी मत’ म्हणून ते नोंदवलं आणि कुठल्या गोष्टीची खात्री नाही, ती गोष्ट चुकीची निघाली तर काय होईल, याचा एक तक्ता जोडला. तक्ता वाचला की हिशोब आपोआप उलगडतो. ढीग हलवण्यात चूक झाली तर पैसा जास्त जाईल, काम लांबेल. जागेवर ठेवण्यात चूक झाली तर ती नदीच्या मार्गाने लेक पॉवेल आणि लेक मीड या जलाशयांपर्यंत जाईल. नेवाडा, अ‍ॅरिझोना आणि दक्षिण कॅलिफोर्नियाच्या नळांत हेच पाणी येतं. खालच्या राज्यांच्या पाणी यंत्रणांनी आणि लोकप्रतिनिधींनी हलवा म्हणून तगादा लावला होता. यूटाच्या गव्हर्नरांनीही. मसुद्यात विभागाने आपली पसंती सांगितली नव्हती. ती सांगायला एप्रिल २००५ उजाडलं: क्रेसेंट जंक्शन, रेल्वेने.

व्हाइट मेसाचा पर्याय मागे पडला. त्या गिरणीच्या शेजारी यूट माउंटन यूट जमातीची वस्ती आहे. नळी ८०-९० मैल लांब घालावी लागणार होती, आणि वाटेत पूर्वजांच्या दफनांच्या आणि वस्त्यांच्या खुणा इतक्या होत्या की सगळ्या पर्यायांत सर्वाधिक नुकसान याच मार्गावर दिसलं. एका गावचा चोथा उचलून दुसऱ्या, जास्त गरीब गावाच्या उशाशी नेऊन ठेवायचा, हे लिहून काढल्यावर वाईट दिसलं. लिहिलं नसतं तर कदाचित तेच झालं असतं.

सप्टेंबर २००५ मध्ये निर्णयपत्र निघालं. एप्रिल २००९ मध्ये पहिली गाडी सुटली, त्या वर्षीच्या मंदीवरच्या मदतनिधीतून मोॲबला १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. कामाची पद्धत बघण्यासारखी. ढिगाच्या मधोमध चिखलासारखा बारीक गाळ, कडांना जाड वाळू. गाळ तसाच भरला तर डब्यात डुचमळतो, म्हणून तो वाळूत कालवून, उन्हात पसरून वाळवायचा. फार वाळला तर धूळ उडते, म्हणून पाणी मारायचं. पोळ्यांच्या कणकेसारखं हे मोजमाप रोज नव्याने जमवावं लागायचं. मग झाकणाचे लोखंडी डबे भरायचे, बाहेरून धुवायचे, यंत्राने तपासायचे, आणि टेकडीवरच्या रेल्वे सायडिंगपर्यंत ट्रकने नेऊन क्रेनने गाडीवर चढवायचे. एका गाडीत शंभराहून अधिक डबे. क्रेसेंट जंक्शनला हजारो फूट जाड मॅन्कोस शेलच्या घट्ट थरात खोदलेल्या २५० एकरांच्या खड्ड्यात ते रिकामे करायचे, रोलरने दाबायचे आणि वर मातीचे, खडीचे, दगडांचे थर चढवायचे. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये टेकडीची दरड रुळांजवळ कोसळली आणि गाड्या थांबल्या.

एक आकडा मात्र अहवालाचा सपशेल चुकला. ढिगात १.१९ कोटी टन माल असल्याचं त्यात गृहीत धरलं होतं. खोदायला लागल्यावर तो सुमारे १.६ कोटी टन निघाला. २०१९ पर्यंत काम संपवा असं काँग्रेसने २००८ च्या एका कायद्यात लिहिलं होतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये जेमतेम निम्मा, म्हणजे ८० लाख टन माल हलला होता, आणि २०१९ ची मुदत हुकली.

माती उचलणं हा दिसणारा भाग. खाली झिरपून गेलेलं ते तिथेच आहे. गिरणीत वापरलेल्या अमोनियाचं आणि विरघळलेल्या युरेनियमचं पाणी काठच्या वाळूतून नदीत उतरतं. कोलोराडो नदीत पाइकमिनो आणि रेझरबॅक सकर हे दुर्मिळ, संरक्षित मासे आहेत. त्यांची पिल्लं उन्हाळ्याच्या शेवटी, पाणी उतरल्यावर, काठालगतच्या संथ उथळ पाण्यात राहतात, आणि अमोनिया नेमका तिथेच सर्वात दाट असतो. २००३ पासून काठावर विहिरींची रांग आहे. काही दूषित पाणी उपसतात, काही नदीचं स्वच्छ पाणी जमिनीत सोडून अमोनियाला मागे रेटतात. पिल्लांच्या दिवसांत बाजूच्या उथळ धारेतही पंपाने ताजं पाणी सोडतात. ढीग संपला तरी या विहिरी बरीच वर्षं चालवाव्या लागतील असं अहवालातच लिहिलं आहे.

रिकाम्या होणाऱ्या जागेचं काय करायचं यासाठी मोॲबमध्ये लोकांची एक समिती आहे. ती बाग, पायवाटा, मोकळं मैदान अशा गोष्टींची यादी करते. तोवर ऑगस्टच्या उन्हात पंप चालू होतो, नळीतून पाणी उथळ धारेत पडतं आणि बोटभर लांबीची पिल्लं त्याच्या दिशेने तोंड करून उभी राहतात.