कारागिरांची मासिक बैठक : अनुभवाची भिशी

इंदिरानगर, वडाळा गाव, पाथर्डी फाटा या भागात कोठे नवी इमारत उभी राहत असते, तर कोठे जुन्या फ्लॅटची दुरुस्ती चालू असते. या कामांत आपले अनेक बांधव आहेत. कोणी वायरिंग करतो, कोणी पीओपी, कोणी स्लायडिंग खिडक्या, कोणी फर्निचर, कोणी रंग. हाताला कसब आहे, तरीही उक्ते काम संपल्यावर हिशेब केला की फारसे उरत नाही. आमच्या मते याचे मोठे कारण आखणीचा अभाव हे आहे. कोणाच्या मागून कोण येणार, माल कधी सांगायचा, पैसे कोणत्या टप्प्यावर घ्यायचे, हे आधी ठरत नाही. मग एकाच्या उशिरामुळे दुसऱ्याची रोजी बुडते.

एक साधे उदाहरण

समजा, एका फ्लॅटमध्ये वायरिंगला ४ दिवस, त्यानंतर पीओपीला ६, फर्निचरला १५ आणि शेवटी रंगाला ५ दिवस लागतात. ही साखळी ३० दिवसांची झाली. खिडक्यांना वर्कशॉपमध्ये ५ दिवस लागतात, पण त्या इतर कामे चालू असतानाच तयार होतात. रंगाआधी बसल्या म्हणजे झाले. त्यांना दोन दिवस उशीर झाला तरी ताबा लांबत नाही. वायरिंगला दोन दिवस उशीर झाला, तर सारे काम दोन दिवस मागे जाते. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीत हीच रीत कागदावर मांडली गेली. तिला ‘क्रिटिकल पाथ’ म्हणतात. आपल्या कामापुरता तिचा हिशेब बेरीज-वजाबाकीचाच आहे.

शिकायचे कोठे?

जपानमध्ये १९६२ पासून कारखान्यांतील कामगार लहान गटांत बसून आपल्याच कामातील अडचणी सोडवू लागले. या गटांना ‘क्वालिटी सर्कल’ म्हणतात. भारतात १९८० मध्ये हैदराबादच्या भेल कारखान्याने ही पद्धत आणली. आपल्याकडे कारखानदारांसाठी अंबडला ‘आयमा’ आणि सातपूरला ‘निमा’ या संघटना आहेत. पण चार माणसे हाताशी घेऊन काम करणाऱ्या मिस्त्रीला आपली बैठक स्वतःच भरवावी लागेल. त्यासाठी वर्गणी नको, पदाधिकारी नकोत आणि बोर्डही नको.

बैठक कशी चालवावी?

१. माणसे पाच ते आठ असावीत आणि वेगवेगळ्या हुन्नरांची असावीत. सगळे एकाच धंद्यातले असले की दरांची चढाओढ आड येते व कोणी मन मोकळे करत नाही.

२. महिन्यातून एक दिवस पक्का करावा. उदाहरणार्थ, पहिल्या जुम्याला मगरिबनंतर एक तास.

३. दर वेळी एकाने नुकतेच संपलेले एक काम मांडावे. ठरलेले दिवस व लागलेले दिवस, धरलेला खर्च व झालेला खर्च, ठरलेले हप्ते व हाती आलेले हप्ते, एवढे वहीत समोरासमोर लिहून आणावे.

४. इतरांनी उपदेश करू नये, प्रश्न विचारावेत. माप कोणी घेतले? माल कधी सांगितला? आधीचे काम झाल्याची खात्री करूनच माणसे नेली होती का?

५. ग्राहकाचे नाव आणि पैशाची गोष्ट बैठकीबाहेर जाऊ नये. एकमेकांचे ग्राहक ओढू नयेत. हा नियम मोडला की गट मोडला.

६. शेवटी ठरलेली एक सुधारणा वहीत लिहावी आणि पुढच्या बैठकीत तिचे काय झाले ते आधी विचारावे.

फायदा काय?

वाढीव कामाचेच पाहा. ग्राहक सहज म्हणतो, ‘एवढे करून टाका.’ आपण करतो आणि शेवटी त्याच पैशावरून वाद होतो. रंगकाम करणाऱ्या एखाद्याने त्याच दिवशी चिठ्ठीवर काम व रक्कम लिहून सही घेण्याची सवय लावली असेल, तर तीच सुताराला आणि वायरमनलाही उपयोगी पडते. एकाला नुकसान सोसून आलेली अक्कल बाकीच्यांना फुकट मिळते.

भिशी आपल्या ओळखीची आहे. तिच्यात सगळे पैसे टाकतात आणि दर महिन्याला एकच जण उचलतो. या बैठकीत एकाने टाकायचे आणि सगळ्यांनी उचलायचे. आपल्यासोबत नेहमी एकाच साइटवर भेटणारे पाच जण आठवा, पुढच्या महिन्याचा दिवस ठरवा आणि पहिल्या बैठकीला आपलीच वही घेऊन जा.